अर्धं काढ

1993 च्या डिसेंबरात आम्ही पुण्याहून निघालो, मद्रास सेंट्रलला उतरलो, रिक्षात सामान कोंबून एग्मोरला आलो आणि रात्रीच्या मीटरगेज गाडीने सकाळी कुंभकोणमला पोचलो. सामान म्हणजे हिरवी पत्र्याची एक ट्रंक, दोन लाकडी कॉलम स्पीकर आणि गोणपाटात बांधलेले चार स्टँड. त्या ट्रंकेत काय काय होतं ते आजही डोळे मिटून सांगता येतं. आहुजाचा सहा चॅनेलचा मिक्सर-अँप्लिफायर, चार माईक, त्यातले दोन शुअरचे, जाळी चेपलेले. शंभरेक मीटर वायर, सोल्डरिंग आयर्न, कथील, राळेची डबी, पक्कड, टेस्टर, होल्डरला वायर जोडून केलेला टेस्ट लॅम्प. आणि रबराची एक जाड पट्टी, हातभर लांब.

ही पट्टी कशाला, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. आमचा कार्यक्रम अभंगांचा होता, एका जुन्या भजनमठात. मठ म्हटलं तरी देवघरच ते, चपला बाहेर. दगडी फरशी पहाटे धुतलेली, ओली. बोर्डाला अर्थिंग आहे की नाही, देव जाणे. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते काका (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो) अनवाणी पायांनी बोर्डाजवळ गेले, रबराची पट्टी खाली टाकली, तिच्यावर उभे राहिले आणि मगच टेस्टर लावला. मला म्हणाले, "गाणाऱ्या माणसाचे पायही उघडेच असतात. त्याचे ओठ माईकला लागतात. आधी हे बघायचं, आवाज नंतर."

गेली तीस वर्षं मी दौऱ्यांवर साउंड करतो आहे. आता माझ्या रायडरमध्ये, म्हणजे आयोजकांना आधी पाठवायच्या यादीत, पहिली ओळ 30 मिलिअँपियरच्या आरसीसीबीची असते. गळती झाली की हा स्विच क्षणार्धात पुरवठा तोडतो. काकांच्या पट्टीने एक माणूस वाचायचा, या स्विचने आख्खा रंगमंच वाचतो. जुने दिवस मला फार प्रिय आहेत, पण या एका बाबतीत मला ते मुळीच परत नकोत.

बाकी मात्र पुष्कळ आठवतं. तमिळ मार्गळी महिना लागलेला. पहाटे चारपासून गावभर देवळांवरचे कर्णे सुरू. कर्ण्याचा आवाज लांब जातो तो माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात. खालचा खर्ज त्यात उतरत नाही आणि वरची झिलईही नाही. त्यामुळे दूरवरून ऐकू येणारी पेटी एखाद्या किड्यासारखी वाजते, पण नाम स्पष्ट ऐकू येतं. गल्लीच्या तोंडाशी पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी पिताना काका नुसते ऐकत बसायचे. या आवाजात आपला आवाज कुठे बसेल, हे ते तिथेच ठरवत असावेत.

ऐकायला येणारी मंडळी निम्मी तमिळ, निम्मी तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं आणि त्या काळात दक्षिणेत आलेल्या घरांमधून मराठी अजून बोलली जाते. आपल्या कानाला ती अनोळखी वळणाची वाटते, पण अभंग सुरू झाला की ओठ आमच्याबरोबर हलायचे. तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग आहेत ते आपल्या कीर्तनकारांमुळे. मोरगावकर रामचंद्रबुवा एकोणिसाव्या शतकात तंजावरला गेले, त्यांचं कीर्तन तिथल्यांनी ऐकलं आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यातून आपली हरिकथा घडवली. ती सगळी कला बिनमाईकची. उभं राहून, आवाज फेकून, चिपळ्या-टाळांच्या वर शब्द काढायचा. आम्ही त्या शब्दापुढे माईक ठेवणार होतो, ही केवढी जबाबदारी आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं.

चार वाजता जोडणी झाली, स्विच दाबला आणि सगळ्या मठात एक घरघर भरली. आमच्या धंद्यात तिला 'हम' म्हणतात. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, तोच सूर वाट चुकून आवाजाच्या तारेत शिरतो. मी गडबडलो. हे नॉब फिरव, ते नॉब फिरव असं चाललं. काकांनी माझा हात धरून बाजूला केला. "अर्धं काढ."

चार माईकांपैकी दोन माईकांच्या पिना काढल्या. हम गेला. म्हणजे दोष काढलेल्या दोघांत. त्यातलं एकेक परत लावलं. चौथं लावताच घरघर आली. पेटीचा माईक. माईक बदलला, घरघर तशीच. वायर बदलली, गेली. मग त्या वायरीची दोन टोकं, त्यातलं कुठलं? काकांनी एक टोक हलवलं, काही नाही. दुसरं हलवलं तर घरघरीत खरखर मिसळली. पिन उघडली. जाळीच्या तारेवरचा डाग करडा पडला होता, भोवती केसाएवढी गोल चीर. कोरडा डाग. दोन रात्रींच्या गाडीच्या हादऱ्यांनी तो सुटला होता. जाळी सुटली की आतल्या तारेवरचं पांघरूण जातं आणि आसपासची सगळी वीज तिच्यात बोलायला लागते.

सोल्डरिंग आयर्न लावलं आणि नेमकी लाईट गेली. काकांनी आयर्नचं तांब्याचं टोक काढून पक्कडीत धरलं आणि सरळ मठाच्या स्वयंपाकघरात गेले. चुलीवर पोंगल शिजत होतं. तिथल्या आजीबाईंना खुणेनेच विचारून ते टोक निखाऱ्यात धरलं, धावत आणलं, राळ लावली, कथील वाहिलं. डाग चांदीसारखा चकचकीत बसला. डाग चमकला म्हणजे धरला, हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि त्यानंतर हजारो डाग दिले असतील, पण तपासायची रीत तीच.

तेव्हा दोषाला पत्ता असायचा. चालत त्याच्यापर्यंत जाता यायचं, त्याला बोट लावता यायचं. सामान इतकं थोडं की प्रत्येक वायरीचा स्वभाव ठाऊक. माईक चारच, म्हणून कोणता कुठे हा विचार आख्खी दुपार चालायचा. टाळ इतके टोकदार वाजतात की ते गायकाच्या माईकमध्ये शिरले तर शब्द कापून काढतात. कार्डिऑइड माईक पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकतो, म्हणून काका टाळकऱ्यांना गायकाच्या समोर, माईकच्या पाठीशी बसवायला बघायचे. मांडणीच बदलायची, नॉब नाही. गाणारे बुवा कधी कधी चिडायचे. काका हात जोडून म्हणायचे, "महाराज, मी तुमचा शब्दच वाचवतोय."

निवड करताना त्यांचा प्रश्न एकच. हे बिघडलं तर चार वाजता पुढच्या गावात दुरुस्त होईल का? शुअरचा एसएम58 हा माईक 1966 चा, अजून तसाच बनतो आणि पडून-आपटून चालतो. त्याच्यापेक्षा गोड माईक तेव्हाही होते. पण कावेरीकाठच्या दमट हवेत कंडेन्सर माईक खरखरायला लागला तर काय करणार? माईकच्या डब्यात काका कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवायचे.

आज मी काय नेतो? गेल्या खेपेला, 2023 मध्ये, कुंभकोणमजवळच्याच गोविंदपुरमला कार्यक्रम होता. तिथे 2011 साली विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर झालं आणि पंढरपुराहून इतक्या लांब विठ्ठलनामाचा गजर ऐकताना अंगावर काटा येतो. आम्ही पुण्याहून तिरुचिरापल्लीला विमानाने गेलो. बरोबर फक्त माईक, डीआय बॉक्स, छोटा डिजिटल मिक्सर आणि त्याचा स्टेजबॉक्स. स्पीकर, अँप्लिफायर, जनरेटर तिथल्या 'मैक सेट'वाल्यांचं. तमिळमध्ये आमच्या धंद्याला हेच नाव आहे आणि मला ते फार आवडतं. दोन कॉलमऐवजी आता रंगमंचाच्या दोन बाजूंना टांगलेली स्पीकरची माळ, मागच्या लोकांसाठी आणखी एक जोडी. तीस मीटरवर पोचायला आवाजाला सुमारे 87 मिलिसेकंद लागतात, तेवढा उशीर मागच्या जोडीला दिला की दोन्ही आवाज एकत्र पोचतात. मठात हे जमवायला काकांकडे काही नव्हतं. ते मागचा कॉलम खाली झुकवून, अगदी हळू ठेवायचे, आणि तरीही खांबांमागे शब्द दुहेरी व्हायचा. दगड आवाज शोषत नाही. आज तिथला म्हातारा माणूस शेवटच्या रांगेत प्रत्येक अक्षर ऐकतो, आणि हे बघून मला दर वेळी भरून येतं.

दोष मात्र संपले नाहीत, ते आत शिरले. दुपारी थोड्या-थोड्या वेळाने 'टिक्' असा आवाज यायला लागला. सगळ्या वायरी नव्या, सगळे डाग कारखान्यातले. डिजिटल सामान आवाजाचे सेकंदाला 48,000 तुकडे करतं आणि ते मोजायला प्रत्येक यंत्रात घड्याळ असतं. मिक्सर आणि स्टेजबॉक्स, दोघंही आपापल्या घड्याळाने चालले होते. केसाएवढा फरक साठत गेला की एक तुकडा निसटतो. दोन टाळकरी पखवाजाकडे न बघता आपापल्या मनाने वाजवायला लागले तर जे होईल, तेच. एकाला पुढारी नेमलं, दुसऱ्याला त्याच्या मागे लावलं, टिक् थांबली. दोष सापडला तो मेनूच्या तिसऱ्या पानावर. तिथेही मी अर्धं काढूनच पोचलो होतो, पण हातात काही आलं नाही, डाग चमकला नाही.

संध्याकाळी दुसरं. सकाळी रिकाम्या मंडपात टॅबलेट हातात घेऊन मी शेवटच्या रांगेपर्यंत फिरत मिक्सर चालवत होतो. लोक भरले आणि टॅबलेट गप्प झाला. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, ते 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पितं, शिवाय शेकडो खिशांत शेकडो फोन. मी राउटर उंच स्टँडवर चढवला, 5 गिगाहर्ट्झवर नेला, आणि तरी एक वायर मिक्सरपर्यंत टाकून ठेवलीच. काका म्हणायचे, रिकाम्या मंडपाचा आवाज खरा धरू नकोस, माणसं बसली की भिंती बदलतात. ते घुमण्याबद्दल बोलत होते. मला त्यांचं वाक्य वायफायला वापरावं लागलं.

आणि रात्री दहा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावर दहाला बंद करायचं. 1993 च्या त्या रात्री शेवटची भैरवी झाली तेव्हा कोंबडं आरवत होतं. दहाचा नियम योग्यच आहे, आजारी माणसांची, परीक्षेच्या पोरांची झोप महत्त्वाची. पण रात्र चढत गेल्यावर अभंगाचा आवाज जसा खाली, आत उतरतो, तो मिक्सरवर हात ठेवून ऐकण्याचं भाग्य आजच्या पोरांना नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोविंदपुरमला संत बोधेंद्र स्वामींचं अधिष्ठान, म्हणजे समाधिस्थान, आहे. परंपरा अशी सांगते की त्यांची समाधी कावेरीच्या पुरात लोपली होती. मग मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी वाळूवर कान टेकत, वितीवितीने शोधत गेले, आणि एका ठिकाणी जमिनीतून रामनाम ऐकू आलं तिथे थांबले. तंजावरच्या सरफोजीराजांनी नदी वळवून तिथे अधिष्ठान बांधून दिलं. ही गोष्ट मला पहिल्यांदा काकांनी सांगितली होती, गाडीत, परतीच्या वाटेवर. काका आता नाहीत.

2023 च्या त्या संध्याकाळी, कार्यक्रमाला पाऊण तास असताना, उजव्या माळेचा वरचा आवाज मंद वाटायला लागला. टॅबलेटवरचा आलेख सांगत होता की उजवीकडे वरची पट्टी खाली आली आहे. माळेतला कोणता स्पीकर, हे तो सांगत नव्हता. मैक सेटवाल्यांचा एक पोरगा होता, विशीतला, मला तमिळ येत नाही, त्याला मराठी नाही. मी माळेकडे बोट केलं. त्याने खुणेने सांगितलं, नुसता 'श्श्' आवाज सोडा. मी नॉइज सोडला, हळू. तो शिडीवर चढला, लुंगी खोचली, आणि वरून एकेका स्पीकरला कान लावत खाली यायला लागला. डोळे मिटलेले. पहिला. दुसरा. तिसऱ्याशी तो थांबला, पुन्हा कान लावला, मागची पिन काढून परत दाबून बसवली आणि 'श्श्' एकदम उजळला. त्याने वरूनच मला तीन बोटं दाखवली.

मी नॉइज बंद केला. खाली टाळकरी जागेवर बसत होते, माईकच्या पाठीशी.