शेवटच्या घरातले २३ किलो

दिवाळीच्या सुट्टीत मी खकनारला मामांकडे गेलो, तेव्हा शेतात कापसाची वेचणी चालू होती. मजुरी किलोवर. रोज संध्याकाळी काट्यावर वजन होई, मामा ते वहीत लिहीत आणि चुकाऱ्याच्या आदल्या रात्री बेरजा करीत बसत. संगणक शिकणारा भाचा घरात असताना हे मला बरे दिसेना. चार दिवस खपून मी जावामध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. डावीकडे नावे, वर वार, प्रत्येक घरात किलो आणि खाली ‘जतन करा’ हे बटण. बेरजेच्या घरात कोणाला खाडाखोड करता येऊ नये, अशीही तजवीज केली. मामांनी कौतुक केले. वही मात्र सोडली नाही.

तिसऱ्या चुकाऱ्याला मी जतन केलेली यादी वाचत होतो. शेवटच्या नावाच्या मावशी पैसे हातात धरून उभ्याच राहिल्या.

“भाऊ, कालचे तेवीस किलो यात धरले का?”

वहीत २३ होते. यादीत ते घर रिकामे. आणि मी तर ते स्वतः टाकले होते, पडद्यावर पाहिलेही होते!

मामा वही आणि यादी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “अरे, तुझे यंत्र शेवटचाच आकडा गिळते.”

अगदी तसेच होते. जावाच्या ‘जेटेबल’मधली घरे एरवी नुसती रंगवलेली असतात. आपण लिहू लागलो की त्या एका घरावर लिहिण्याची छोटी चौकट येऊन बसते. एंटर दाबला किंवा दुसऱ्या घरात गेलो, म्हणजे त्यातला आकडा आतल्या खऱ्या तक्त्यात उतरतो. मी शेवटचा आकडा लिहून थेट माउसने बटण दाबत होतो. चौकट उघडीच राही आणि प्रोग्रॅम आतला जुना तक्ता जतन करी. १९७९ च्या व्हिसिकॅल्कमध्ये आकडा आधी वरच्या ओळीत दिसे, एंटर किंवा बाणाची कळ दाबल्यावर घरात जाई; लिहीत असलेले आणि लिहून झालेले वेगळे ओळखू येई. इथे डोळेच फसले.

दुरुस्ती लहानशी. जतन करण्यापूर्वी ‘स्टॉप सेल एडिटिंग’ ही आज्ञा द्यायची. पण तिचे उत्तरही ऐकावे लागते. अंकांच्या घरात कोणी अक्षर टाकले, तर ते लाल कड दाखवून अडून बसते. मग जतनही थांबवायचे.

हे सारे झाल्यावर मी मागच्या दोन याद्या उघडल्या. नावे वहीच्याच क्रमाने होती. म्हणजे शेवटचे घर दर वेळी त्याच मावशींचे. दोन्हीकडे रिकामे.

“आधी का नाही बोललात?” मी विचारले.

“मशीनचा हिशेब. वाटले, माझेच ध्यानात ठेवण्यात चुकले असेल. तेवीस मात्र कधी झाले नव्हते, म्हणून राहिले लक्षात.”

मामांनी वहीवरून तिन्ही दिवसांचे पैसे मोजून दिले. मला काहीच बोलले नाहीत.