माझ्या कुंपणाचे दोन फूट



इंदूर-बडोद्याकडचे नातेवाईक भेटले की आम्हा गोव्याच्या माणसांना एक प्रश्न हमखास विचारतात. तुमच्याकडे अजून पोर्तुगीजांचा कायदा चालतो म्हणे? चालतो. लग्न, नवरा-बायकोची मालमत्ता यांच्या बाबतीत 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा बराच भाग अजून चालतो आणि त्याच्यावर आम्ही तासभर बोलूही शकतो. पण मला स्वतःला शंभर माणसांसमोर उभं करून ज्या कायद्याने गाठलं तो आपला साधा, 1994 चा गोवा पंचायत राज कायदा. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही म्हणून मीच लिहितो.

आमचा गाव फोंडा तालुक्यातला. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते मला रोज भेटतात. वरच्या अंगाला डोंगर, मध्ये आमची कुळागरं, आणि त्याखाली एक वाडा. डोंगरातून एक व्हाळ येतो (तुमच्याकडे ओढा म्हणतात) तो आमच्या कुळागराला लागून खाली जातो. उन्हाळ्यात पोरं त्यात खेकडे पकडतात. आषाढात त्याच्याजवळ कोणी जात नाही.

माझ्या लहानपणी या व्हाळाचं सगळं गावकारी बघायची. गावकारी म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची संस्था, पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. 1526 साली अफोन्सो मेशियाने तिसवाडीतल्या गावांच्या रूढी लिहून काढल्या, त्या कागदाला फोराल म्हणतात. आमचा भाग त्यांच्या ताब्यात गेला अठराव्या शतकात, पण गावकारी इथेही होतीच. वडील गावकार. वर्षाकाठी त्यांना झोण मिळायचा, म्हणजे गावच्या उत्पन्नातला वाटा. रक्कम क्षुल्लक, पण ते ती घेऊन येत तेव्हा कोट घालून जात. पावसाच्या आधी व्हाळ साफ करायच्या कामाची पावणी व्हायची, कमी बोलीवाल्याला काम मिळायचं, आणि मे संपायच्या आत गाळ निघालेला असायचा. व्यवस्था चोख होती, हे मी नाकारणार नाही.

फक्त एक गोष्ट होती. पाणी शिरायचं खालच्या वाड्यावरच्या घरांत, आणि बैठकीत बसायचे वरचे. खालचे लोक गावकार नव्हते. बरेचसे आमचेच मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे. त्यांना घरातून काढता येणार नाही असा कायदा व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. तोपर्यंत व्हाळाचं गाऱ्हाणं घेऊन ते आमच्या मागच्या दारी येत आणि वडील ते पुढे पोचवत. किंवा विसरत.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. लगेच 1962 मध्ये ग्रामपंचायतींचं नियमन आलं आणि निवडणुकाही झाल्या. मी अकरा वर्षांचा होतो. वडील मत देऊन आले ते गप्पच. आईने विचारलं तर म्हणाले, "व्हडली रांग आशिल्ली." नंतर कळलं की रांगेत त्यांच्या पुढे आमच्याकडचे नारळ पाडणारा पाडेली उभा होता आणि त्याने मागे वळून वडिलांना 'तुम्ही पुढे या' असं म्हटलं नव्हतं.

मी पुढे पणजीला बी.कॉम. केलं आणि बँकेत लागलो. उमेदीची बरीचशी वर्षं कर्जाच्या टेबलावर गेली. घरकर्जाची फाइल आली की मी आधी तीन कागद बघायचो: एक-चौदाचा उतारा, जमिनीची सनद आणि पंचायतीचं बांधकाम लायसन. त्यातला एक नसला की फाइल परत. लोक घरपट्टीची पावती पुढे करायचे. "साहेब, वीस वर्षं भरतोय." मी शांतपणे सांगायचो की घरपट्टी म्हणजे कर, तो भरला म्हणून बांधकामाला परवानगी मिळाली असं होत नाही. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे.

आणि याच मी 1996 मध्ये, बदली होऊन घराजवळ आलो तेव्हा, व्हाळाच्या बाजूने चिऱ्याची कंपाउंड भिंत घातली. लायसन घेतलं नाही. गवंड्याने विचारलंही होतं, मग स्वतःच म्हणाला, "कंपावंडाक कोण लायसन घेता?" मला ते पटलं. का पटलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. भिंतीच्या आत बायकोने अबोली लावली. सरळ रेषेत भिंत यावी म्हणून गवंड्याने ती थोडी पुढे घेतली, तेही मला दिसलं होतं.

आता ग्रामसभेकडे येतो. निवृत्तीनंतर मी ग्रामसभांना नेमाने जाऊ लागलो. 2006-07 मध्ये प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवाभर लोक उठले आणि सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला, तेव्हापासून ग्रामसभा म्हणजे फक्त सह्या आणि चहा हे चित्र बदललं होतं. मी कायद्याचं पुस्तक आणलं, पेन्सिलीने खुणा केल्या. सचिवाला कलमं मी सांगायचो. थोडी मिजासही आली होती, कबूल करतो.

जुलै 2023 मध्ये पाऊस भयंकर झाला आणि खालच्या वाड्यावर पाच-सहा घरांत पाणी गेलं. वरच्या बाजूला एकाने व्हाळाच्या काठावर मातीचा भराव टाकून दुमजली इमारत उठवली होती. त्या महिन्याच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. कलम 66 वाचून दाखवलं: पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही आणि केलं तर पंचायतीला ते पाडायला लावता येतं. पाहणी करा, नोटीस द्या, म्हणालो. टाळ्या पडल्या. सरपंच बाई तरुण, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी लिहून घेतलं.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. "काका, तुमच्या कंपावंडाक लायसन आसा?"

खालच्या वाड्यावरचा मुलगा, वीजजोडणीची कामं करतो. त्याची आजी आमच्या कुळागरात सुपाऱ्या वेचायला यायची. आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता. त्याच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं आणि त्याला माहिती हवी होती.

मी म्हणालो, "बघून सांगतो." घरी येऊन कपाटातल्या फायली काढल्या. 1996 पासूनच्या घरपट्टीच्या पावत्या सगळ्या होत्या, तारखेनुसार लावलेल्या.

पाहणीला पंच, सचिव आणि मोजणीवाला आले. सर्व्हेच्या नकाशात व्हाळाची रुंदी दाखवलेली असते. वरच्या इमारतीचा भराव सरळसरळ आत होता. माझी भिंत चौदा-पंधरा मीटर लांबीत दोन फूट आत होती. आठवड्याने कारणे दाखवा नोटीस आली. वरच्या मालकाला आणि मला, एकाच तारखेची, एकाच मायन्याची. जावक क्रमांक लागोपाठचे. इतकी वर्षं नोटिसा पाठवलेल्या माणसाला ही शिस्त बघून बरं वाटावं, पण माझा हात कापत होता.

ओळखीचे वकील म्हणाले, अपील टाका, स्थगिती मिळेल, पाच-सहा वर्षं सहज जातील. 'तोवर तुमचंही वय...' असं म्हणून ते हसले. आणखी कोणी सुचवलं की 2014 च्या फेब्रुवारीआधीच्या अनधिकृत बांधकामांसाठी 2016 मध्ये नियमित करण्याचा कायदा झालाय, त्यात बसतं का बघू. मी खरंच दोन दिवस विचार करत बसलो. सेवेत असताना ज्यांच्या फायली परत केल्या त्यातली काही तोंडं आठवत राहिली. शेवटी बायको म्हणाली, "लोकांच्या फायली परत पाठवायचात ना? मग ही कशाला ठेवताय?"

भिंत डिसेंबरमध्ये काढली, पाणी कमी असताना. तो मुलगा पिकास घेऊन आला, न बोलावता. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला. नवी भिंत दोन फूट अलीकडे घातली, लायसन काढून. एक-चौदा, नकाशा, शुल्क, सगळं रीतसर. सचिवाने एक कागद कमी म्हणून मला एकदा परत पाठवलं. अबोलीचा ताटवा गेला. त्याबद्दल घरात अजून ऐकून घेतो.

वरची इमारत उभी आहे. अपील, स्थगिती, पुढची तारीख. कायद्याचं हे दुखणं मी आता आतून ओळखतो. नोटीस द्यायचा अधिकार ज्या पंचांना, ते त्याच वाड्यावरच्या मतांवर निवडून येतात. कोणाच्या लग्नात बसलेले असतात, कोणाचे व्याही असतात. नोटीस निघते, पण पुढचं पाऊल जड होतं. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्याकडेच्या बेकायदा बांधकामांची स्वतःहून दखल घेऊन कारवाईचे आदेश दिले, तेव्हा आमच्या पंचायतीतही चार दिवस धावपळ दिसली. मला राग येतो तो याचा, की हे सांगायला न्यायालय लागतं. आणि लगेच आठवतं की माझ्या बाबतीत सत्तावीस वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. का? तर माझ्या वडिलांना सगळे मान द्यायचे.

2024 च्या पावसात खाली दोन घरांत पाणी शिरलं. 2025 च्या जुलैमध्ये एका रात्री प्रचंड कोसळला. झोप लागेना. पहाटे मोबाइल वाजला. त्या मुलाने फोटो पाठवला होता. मातकट पाणी, त्याच्या दाराच्या पायऱ्या. खाली लिहिलेलं: "काका, उदक पांवड्यार थांबलां."

माझ्या दोन फुटांमुळे, की पाऊस वेळेवर उघडला म्हणून, ते कसं सांगणार? मी लिहिलं, बरं झालं, ऑक्टोबरच्या ग्रामसभेला ये. त्याचं उत्तर लगेच आलं. "तुमीय येयात. वयल्या बिल्डिंगीचें विचारपाचें आसा. पुस्तक हाडात."