यंत्रमानव आणि घरांतील हत्यारें

व्याकरणांत सहा कारकें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं करणाचें लक्षण पाणिनीनें मोठ्या मार्मिकपणें केलें आहे. क्रियेच्या सिद्धीस साहाय्य करणाऱ्या वस्तु अनेक असतात. त्यांत जी सर्वांहून अधिक उपकारक, तिलाच तो करण म्हणतो. शाळेंत हें शिकवितांना कुऱ्हाडीनें लाकूड तोडण्याचें ठराविक उदाहरण मीं शेंकडों वेळां दिलें असेल. परंतु त्या लक्षणाची खरी गोडी कळली ती आमची नववींतील नात यंत्रमानव करूं लागली तेव्हां. या कामीं हत्यारें कोणतीं घ्यावींत आणि त्यांत मुख्य कोणतें, हाच पहिला प्रश्न पुढें उभा राहिला.

यंत्रमानव म्हणजे माणसासारखा चालणारा पुतळा, अशी पुष्कळांची समजूत असते. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर पसरला, व त्याच्या मुळाशीं वेठबिगार या अर्थाचा चेक शब्द आहे. मुलांचा यंत्रमानव मात्र फार साधा असतो. आमच्या नातीचा म्हणजे दोन चाकांची एक लहानशी गाडी. पांढऱ्या कागदावर ओढलेली काळी रेघ ओळखून तिच्यावरून चालणारी. रेघ पाहणारे दोन प्रकाशनेत्र, दोन लहान मोटारी, इटलींत २००५ सालीं जन्मास आलेली 'आर्डुइनो' नांवाची विचार करणारी पाटी, आणि सेल, एवढाच तिचा संसार.

असल्या गाडीचा तयार संच बाजारांत मिळतो. चार स्क्रू पिळले कीं काम झालें. माझें मत पडलें कीं संचाऐवजीं हत्यारें घ्यावींत. संच एकदां जुळला कीं संपला. हत्यार पुढच्या कामास, आणि पुढच्या पिढीसही, राहतें. तेव्हां पुण्याच्या तपकीर गल्लींत एक सकाळ घालवून आम्हीं आजोबा-नातीनें खरेदी केली.

हत्यारांचे तीन वर्ग मानावेत. पहिला घडविण्याचा: लोखंड कापण्याची करवत, कानस, हातानें फिरवावयाचें ड्रिल, आणि वस्तु घट्ट धरून ठेवणारा लहान शेगडा. शेगडा नसला म्हणजे मूल एका हातानें वस्तु धरतें व दुसऱ्यानें करवत चालवितें, आणि बोट कापतें तें अशाच वेळीं. दुसरा वर्ग जोडण्याचा: दोन-तीन मापांचे पेचकस, निमुळत्या तोंडाची पक्कड, तारेचें वेष्टन सोलण्याचें हत्यार, आणि डाख देण्याची विजेची कांडी. तिसरा मोजण्याचा: पट्टी, व्हर्निअर कॅलिपर आणि मल्टिमीटर.

डाखाची कला आपल्या घरांस अगदींच परकी नाहीं. कल्हईवाला नवसागरानें भांड्याचा मळ काढून कथिल पसरीत असे, तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. विजेच्या जोडांत नवसागराचें काम राळ करते. ती डाखाच्या तारेच्या पोटांतच भरलेली असते. नवसागर येथें वर्ज्य, कारण तो मागाहून तांब्यास खातो. कथिल २३२ अंशांवर वितळतें, शिसें ३२७ अंशांवर. पण ६३ भाग कथिल व ३७ भाग शिसें यांचें मिश्रण केलें तर तें १८३ अंशांवरच वितळतें. खुबी एवढीच, कीं कांडीवर डाख वितळवून जोडावर थापावयाचा नाहीं. जोड तापवावा आणि त्या तापलेल्या जोडास डाख लावावा. डोळ्यांवर चष्मा असावा, केस बांधलेले असावेत, खिडकी उघडी असावी. आणि शिसें विषारी असल्यामुळें काम आटोपतांच हात साबणानें धुवावेत.

येथें घरांत वाद निघाला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मुलीच्या जातीला हें तापलेलें लोखंड कशाला? हात भाजून घेईल. नातवाला द्या हवें तर."

मीं म्हटलें, "वहिनी, हीच मुलगी तव्यावरची पोळी बोटांनीं उलटते, तेव्हां तिच्या हातांची काळजी कोणी करीत नाहीं."

त्या कांहीं बोलल्या नाहींत; परंतु दुसऱ्या दिवशीं माळ्यावरची शहाबादी फरशी त्यांनींच काढवून नातीच्या मेजावर ठेवविली. थोरल्या बंधूंचा आक्षेप निराळा होता. "दहावीचें वर्ष तोंडावर आलें, आणि तूं तिला सुतार-लोहाराचीं कामें शिकवितोस!"

या आक्षेपाचें उत्तर मल्टिमीटरनें दिलें. गाडी तयार झाली. पाटीच्या एका टोकांतून २० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह घेऊं नये, आणि मोटारीस त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून मध्यें मोटार चालविणारें वेगळें मंडळही बसविलें होतें. तरी मोटारी फिरूं लागतांच पाटीस मूर्च्छा येई व ती पुन्हां पहिल्यापासून आरंभ करी. दोन दिवस नात आज्ञावलीची ओळ न् ओळ तपाशीत बसली.

मीं विचारलें, "अगं, सेल तपासलास का?"

"आजोबा, सेल कोरा आहे. नऊ व्होल्टचा."

"तें त्याच्यावर छापलें आहे. मल्टिमीटर काय म्हणतो?"

तिनें मल्टिमीटर लावला. गाडी उभी असतां आंकडा ९ दाखवी. मोटारी सुरू होतांच तो सहाच्याही खालीं येई. त्या लहान चौकोनी सेलाच्या पोटांतच विरोध फार. त्याच्यापाशीं दाब असतो, पण मोठा प्रवाह देण्याची ताकद नसते. दीड-दीड व्होल्टचे सहा पेन्सिल-सेल जोडले. बेरीज तीच नऊ. परंतु आतां दाब टिकला आणि गाडी रेघेवरून चालूं लागली. त्या सायंकाळीं बंधु आपली बंद पडलेली विजेरी घेऊन नातीकडे आले. परीक्षेचा विषय त्यांनीं काढला नाहीं.

आमच्यासारख्या घरांत शब्दप्रमाणाचें प्राबल्य फार. छापलेलें तें खरें, गुरुजींनीं सांगितलें तें खरें. मीही आयुष्यभर शब्दावरच पोट भरलें, म्हणून त्याची निंदा मी करणार नाहीं. परंतु शब्द व वस्तु यांत विसंगति दिसली, तर वस्तूलाच प्रश्न विचारण्याचें धैर्य मुलांस आलें पाहिजे. आणि तें धैर्य देणारें हत्यार कांहींशें रुपयांत मिळतें. करवत नसली तर पुठ्ठ्यावर भागेल, डाख नसला तर तारा स्क्रूखालीं दाबतां येतील. मोजण्यावांचून मात्र सारेंच अंधारांत चांचपडणें. म्हणून या कामीं करण ही पदवी मी मल्टिमीटरला देतों.

दसऱ्यास आपण पोथ्या-पुस्तकें मांडून सरस्वतीची पूजा करतों. हत्यारांची पूजा कारागिरांची, असें मानून तिकडे पाठ फिरवितों. ही पाठ आतां वळविली पाहिजे. पाटावर पुस्तकांशेजारीं एक शेगडा, एक कांडी व एक मल्टिमीटर यांसही जागा द्यावी. आणि पूजा आटोपल्यावर तीं हत्यारें पुन्हां कपाटांत न ठेवतां, मुलगा-मुलगी हा भेद न करतां, घरांतील मुलांच्या हातीं द्यावींत.