बोरगावचे पान आणि पेशीचे दार

निपाणी सोडून दूधगंगेच्या खोऱ्यात उतरले की काळ्या कसदार जमिनीचा मुलूख लागतो. मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषा इथे एकाच ओसरीवर नांदतात. बोरगाव ह्याच मुलखातले. महाराष्ट्राची सीमा जवळच. पलीकडे इचलकरंजीचे माग, तर अलीकडे निपाणीच्या तंबाखूच्या वखारी. पाणी आले तिथे उसाने जम बसविला. तरी ह्या पट्ट्याचे नाव निघताच आठवते ती विडीची तंबाखूच.

थंडी सरत आलेली असताना आम्ही ह्या बाजूस फिरलो. तंबाखूच्या पिकाची जी रीत समजली, ती मोठी अर्थपूर्ण वाटली. फुलावर येऊ लागलेल्या झाडाचा शेंडा खुडतात आणि मागाहून फुटवेही काढतात, म्हणजे झाडाची सारी ताकद पानांत उतरते. ही ताकद म्हणजे निकोटीन. ते मुळांत तयार होते आणि रसाबरोबर पानांत चढते. शेंडा खुडल्यावर त्याचे प्रमाण वाढते. झाडाने ते निर्माण केले किडींपासून बचाव करण्यासाठी. माणसाची गोडी त्याच्या हिशेबी नव्हती.

मग हे किडीचे विष माणसाला इतके का जखडते? १९०५ साली केंब्रिजच्या लँग्ली यांनी स्नायूंवर निकोटीनचे प्रयोग करून असा निष्कर्ष काढला की, पेशीतच ते ग्रहण करणारे काही द्रव्य असले पाहिजे. त्या द्रव्याचे रूप उलगडण्यास पुढे कित्येक दशके लागली. पाच प्रथिने वर्तुळात उभी राहून पेशीच्या पापुद्र्यात एक दार तयार करतात. ॲसिटिलकोलीन हे शरीरातले द्रव्य त्याची किल्ली. किल्ली लागली की दार सेकंदाच्या हजारांश-दोन हजारांश भागापुरते उघडते आणि सोडियमचे विद्युतभारित कण आत शिरतात. निकोटीन ही त्याच कुलपाला लागणारी परकी किल्ली. मेंदूतल्या दारांवर तिची पकड घट्ट असते, स्नायूंतल्या दारांवर ढिली. म्हणूनच विडी ओढणाऱ्याचे हातपाय आखडत नाहीत, मन मात्र अडकते.

१९७६ साली जर्मनीत नेहेर आणि साकमान ह्या तिशीतल्या दोन संशोधकांनी काचेच्या सूक्ष्म नळीने बेडकाच्या स्नायूतील एकेका दाराची उघडझाप टिपली. १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतल्या ज्या दारावर निकोटीनची मुख्य भिस्त असते, त्याची रचना निकोटीन बसलेल्या स्थितीत २०१६ साली प्रसिद्ध झाली. अशी कामे बहुधा पीएच.डी. नंतर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपणाऱ्या तरुणांच्या हातून होतात. निपाणीवरून जाणारा महामार्ग ज्या बेंगळुरूला पोहोचतो, तिथेही अशा दारांचा अभ्यास झालेला आहे.

ह्या विद्येचा बोरगावशी संबंध काय, असे कोणी विचारील. दवाने भिजलेली पाने हाताळताना निकोटीन कातडीतून शरीरात जाते. मळमळ होते, डोके गरगरते. न ओढताही दार उघडते ते असे. वखारीत चाळण-पाखडण करणाऱ्या बायकांच्या श्वासात दिवसभर तीच धूळ. आणि ह्याच पानाला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या हमरस्त्यावर बसले; एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि माणसे प्राणांस मुकली. ज्या पानाने घरे चालविली, त्याच पानाने देह झिजविले. आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दाराची ओळख पटल्याचा एक लाभ पदरात पडला आहे. दार अर्धवटच उघडणारे आणि निकोटीनची जागा अडवून ठेवणारे व्हॅरेनिक्लीन हे औषध २००६ साली आले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ज्या मुलखाने हे पान पिकविले, खुडले, चाळले, त्याच्या दवाखान्यांत ह्या ज्ञानाचा पहिला वाटा पोहोचावा, एवढा हक्क ह्या काळ्या मातीचा निश्चितच आहे.