विटांच्या फटीतला उजेड

आमच्या जुन्या माळवदाला उजेडासाठी एक साणे होते. स्वयंपाकघरात दिवसा जो काही उजेड यायचा, तो तेवढाच. डाळ निवडायची तर सूप घेऊन उंबऱ्याशी बसायचे. सासूबाईंनी सारी हयात तशीच काढली. पुढे त्यांना मोतीबिंदू झाला आणि चुलीपाशीही त्या चाचपडू लागल्या. "आता माझं आत काय काम!" म्हणायच्या, ते मनाला लागे.

नवे स्वयंपाकघर बांधायचे ठरले तेव्हा मी हट्ट धरला, उजेड हवा. मोठ्या खिडकीची चौकट, गज, काचा यांचा हिशेब ऐकून हे गप्प झाले.

तेव्हा मला तिरुवनंतपुरम आठवले. 2018 साली कन्याकुमारीच्या यात्रेत तिथल्या बसस्थानकाजवळच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये आम्ही टेकलो होतो. विटांची गोल इमारत, आत वळत वळत चढत जाणारी जमीन आणि भिंतीभर मुद्दाम ठेवलेल्या फटी. आत मऊ उजेड, वारा. ती बांधणारे लॉरी बेकर जन्माने इंग्रज. मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि जवळपास मिळेल त्याच मालाने घर बांधावे, हा विचार त्यांनी जन्मभर पाळला. पुढे ते भारताचे नागरिक झाले, 2007 साली वारले. विटा कडेवर उभ्या करून भिंतीत पोकळी ठेवायची त्यांची दुसरी युक्ती आहे, तिच्यात सुमारे चौथाई विटा वाचतात. पण आमच्याकडच्या हातांना ती नवी, आम्ही तिच्या वाटेला गेलो नाही.

जाळीलाच गवंडीमामा तयार होईनात. "सूनबाई, फटींतून साप-उंदीर येतील."

त्यांचे खोटे नव्हते. म्हणून खालचे तीन फूट भिंत सलग घेतली. वर एक वीट, एक फट. पुढच्या थरात फटीवर वीट. आतून बारीक तारेची जाळी ठोकली. छताचा भार जाळीवर येऊ नये म्हणून वर सिमेंटची तुळई टाकली. हे सगळे उत्तरेच्या भिंतीला. पश्चिमेला नाही, पावसाची झड तिकडूनच येते. आणि वीट पक्की भाजलेलीच हवी. दोन विटा एकमेकींवर वाजवाव्या, खणखणीत आवाज आला तरच घ्यावी, लावण्याआधी पाण्यात भिजवावी.

धूळ मात्र येते. सासूबाईंचा मोतीबिंदू काढला, तेव्हापासून जाळीवर केरसुणी फिरवायचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले आहे. माझ्या हातून राहिलेले कोळिष्टक त्या बरोबर दाखवतात.