काझात गोठलेलं डिझेल

फेब्रुवारीत काझाला नळ असतात, पण त्यांतून काही येत नाही. पाइप गोठलेले असतात. लोक बादल्यांनी पाणी भरतात आणि घरी पोचेपर्यंत त्यावरही बर्फाचा पापुद्रा धरतो. हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याचं हे मुख्य गाव, उंची सुमारे ३६५० मीटर. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे मनालीकडून येता येत नाही. शिमला, रामपूर, रेकाँग पिओ असा आधी सतलजच्या आणि मग स्पितीच्या काठाने लांबचा रस्ता धरावा लागतो.

आम्ही ग्वाल्हेरहून आमच्याच डिझेल गाडीने गेलो होतो : मी, बायको आणि ६८ वर्षांचे बाबा. ग्वाल्हेरकरांना थंडीचं फारसं कौतुक नसतं. जानेवारीतलं धुकं, दोन-चार अंशांवर आलेला पारा, चोक ओढून दमवणारी स्कूटर, हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. पण काझात रात्री उणे २० च्या आसपास होतं. ही थंडी वेगळ्याच जातीची.

वाटेत दोन मुक्काम करूनही दुसऱ्या रात्री बाबांचं डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या. सकाळी डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि स्पष्ट सांगितलं, आजच खाली उतरा. खाली जाणारी बस पहाटेच निघून गेली होती. मी किल्ली फिरवली. गाडीने एकदा कण्हल्यासारखा आवाज केला आणि गप्प बसली.

इथे आवाज ऐकण्याला फार महत्त्व आहे. नुसतं टक-टक वाजलं किंवा इंजिन जड, सावकाश फिरलं, तर आधी बॅटरी बघायची. थंडीत बॅटरीची ताकद खूप घटते, उणे १८ ला जवळपास निम्मी होते. त्यात इंजिन ऑइल घट्ट झालेलं, म्हणजे कमजोर बॅटरीला काम मात्र दुप्पट. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. इंधन पोचत नाहीये.

घरमालकीणबाईंच्या भावाने शेजारून पिकअप आणली. जंपर केबल माझ्याकडे होत्या. लाल लालला, काळी आधी त्याच्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा चिमटा आमच्या बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून शेवटची ठिणगी तिथे पडू द्यायची नाही. मग वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबून किल्ली. डिझेल गाडीत ठिणगी नसते, ग्लो प्लग आधी तापावे लागतात. इंजिन आता मस्त फिरलं. पेटलं मात्र नाही.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. एक बग काढला की त्याच्या मागे दडलेला दुसरा दिसतो. दर वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारायचा नाही आणि मध्ये मिनिटभर थांबायचं, एवढं पथ्य पाळलं. आतून बाबा दोनदा विचारून गेले, “अरे, झालं का?” माझं उत्तर दर वेळी थोडं खोटं होतं.

भावाने बॉनेटमध्ये डोकावून सांगितलं, टाकीत खालचं डिझेल आहे. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. पेट्रोलला हा त्रास नाही. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते याचसाठी. आमच्या टाकीतलं रामपूरचं होतं, सतलजकाठच्या उबदार गावातलं.

ट्रकवाले टाकीखाली शेकोटी पेटवतात म्हणे. काही जण रॉकेल मिसळतात. नव्या गाड्यांच्या पंपाला डिझेलचंच वंगण लागतं, त्यामुळे तो उपाय मी टाळला. भावाचा उपाय साधा होता. फिल्टरभोवती फडकं गुंडाळायचं, त्यावर बेताने गरम पाणी ओतायचं, वायरिंग कोरडं ठेवायचं. (हेच पाणी काचेवर ओतलंत तर काच तडकेल.) बॉनेटवर गोधडी टाकली आणि गाडी ढकलून उन्हात आणली. मग काहीच करायचं नव्हतं. मला ते जड गेलं, त्याला नाही. तो भिंतीला टेकून चहा पीत बसला.

साडेदहाला पुन्हा दोन किटल्या पाणी. गाडी पेटली, खोकली, बंद पडली. तिसऱ्यांदा पेटली आणि चालू राहिली. वीस मिनिटं तशीच ठेवून, तिथल्या पंपावर टाकी भरून निघालो. ताबो मागे पडलं, ९९६ मधला तिथला मठ आम्ही न थांबताच ओलांडला. नाकोचा चढ संपेपर्यंत मी आरशातून बाबांकडेच बघत होतो. खाबला स्पिती सतलजला मिळते तिथे त्यांनी पहिल्यांदा बाहेर पाहिलं.

अंधार पडता पडता पूहला पोचलो, काझापेक्षा जवळपास हजार मीटर खाली. बाबांनी राजमा-चावलावर लिंबू मागितलं. मी गाडीचं तोंड पूर्वेला करून लावली, भावाने सांगितलं होतं तशी. हँडब्रेक ओढायचा नाही, थंडीत तो धरून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड. बाबा खिडकीतून ओरडले, “दगड मोठा घे रे!”