सेकंड ओनर

किंमत सांगायच्या आधी त्यांनी माझीच माहिती काढली. नोकरी कुठे, गाडी रोज ऑफिसला नेणार का, पार्किंगवर छप्पर आहे का, तुमच्या गावात टर्बो पेट्रोलवर हात बसलेला मेकॅनिक कोण. मी 'सर, सर' करत उत्तरं देत होतो. ते म्हणाले, "सर नको, दादा म्हण. आणि मला सांग, तुला घाई कशाची आहे?" आयटीतल्या तीन राउंडच्या इंटरव्ह्यूमध्येही माझी एवढी उलटतपासणी झाली नव्हती.

गाडी होती स्कोडा लॉरा व्हीआरएस. 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, 160 हॉर्सपॉवर, सहा गिअर, मॅन्युअल. स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी डोळ्यांपुढे येते. ही चार दारांची, डिकीत गव्हाची दोन पोती सहज मावतील अशी. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ती फक्त एक जुनी लाल सेडान. ज्याला माहीत आहे तो सिग्नलला काच खाली करून विचारतो, "देणार का?" युरोपातल्या आरएसमध्ये दोन लिटरचं 200 हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, आपल्याकडे 160 वर भागवलं. म्हणून इथले हौशी लोक गाडी घेतली की पहिल्यांदा लॅपटॉप लावून इंजिनाचं सॉफ्टवेअरच बदलतात. त्याला रिमॅप म्हणतात. धंद्याने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला ते टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर कोड टाकल्यासारखं वाटतं. पण करणाऱ्यांची हौस मी समजू शकतो.

हीच गाडी का, याचं उत्तर जालना रोडवर आहे.

2001 पासून स्कोडाच्या गाड्या आमच्या शेंद्रा एमआयडीसीत जुळवल्या जायला लागल्या. आधी ऑक्टाव्हिया, नंतर लॉरा. पप्पा तेव्हा शेंद्र्याला कामगारांची बस चालवायचे. फर्स्ट शिफ्टची गाडी, पहाटे पाचला मुकुंदवाडीतून निघायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत कधी कधी मी त्यांच्या बाजूला इंजिनाच्या झाकणावर घातलेल्या गोधडीवर बसून जायचो. मांड्या भाजायच्या, पण तिथून रस्ता सगळ्यात चांगला दिसायचा. चिकलठाणा सोडलं की नव्याकोऱ्या गाड्या भरलेले ट्रेलर समोरून यायचे. बॉनेटवर पांढरा प्लास्टिकचा कागद, नंबर प्लेट नाही. पप्पा म्हणायचे, "बघ, आपल्या गावच्या गाड्या." त्यातल्या एकीतही ते कधी बसले नव्हते.

मग ऑक्टोबर 2010 आला. आमच्या शहरातल्या उद्योजक, बिल्डर, डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात 150 मर्सिडीज घेतल्या, जवळपास 65 कोटींच्या. देशभर बातम्या झाल्या. दुष्काळी मराठवाड्यात एवढा पैसा कुठून आला, असं मुंबई-पुण्याचे लोक विचारत होते. मी आठवीत होतो, वर्गात पोरं बापाच्या ओळखी सांगत होती. पप्पांनी पेपर दोनदा वाचला आणि आईला म्हणाले, "दीडशे गाड्या म्हणजे निदान शंभर ड्रायव्हर तर लागतीलच." दोन ठिकाणी विचारूनही आले. त्यांना इंग्रजी बोलणारा माणूस हवा होता. त्यानंतर त्या गाड्यांचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

नोकरीला पाच वर्षं झाल्यावर माझ्याकडे साडेसहा लाख जमले होते. कागदोपत्री ते सातारा परिसरातल्या वन बीएचकेच्या डाउन पेमेंटचे होते. त्यातले पैसे काढून 13 वर्षं जुनी गाडी घेणं हा वेडेपणा आहे, हे मला कळत होतं. अजूनही कळतं.

पहिली गाडी एका डीलरकडे पाहिली. मीटरवर 68 हजार, पॉलिश इतकं की आरशासारखी. स्टिअरिंगचं लेदर मात्र झिजून गुळगुळीत झालेलं आणि क्लचच्या पेडलवरचं रबर एका कडेला संपलेलं. 68 हजारांत असं होत नाही. ओळखीतून जुनी सर्व्हिस नोंद काढली, तर तीन वर्षांपूर्वीच गाडी 1 लाख 12 हजारांवर होती. डीलरला सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, मीटर बघून कोण गाडी चालवतं?" त्याचं म्हणणं खोडायला त्या क्षणी मला काही सुचलंच नाही.

तिथून मी आरएसवाल्या लोकांपर्यंत पोहोचलो. हे लोक रविवारी पहाटे गाड्या काढतात, मिसळ खाऊन ऊन चढायच्या आत घरी येतात आणि एकमेकांच्या गाड्यांची आजारपणं नातेवाइकांच्या आजारपणांसारखी लक्षात ठेवतात. कुणाची टायमिंग चेन कधी बदलली, कुणाचं इंजिन ऑइल खातं, सगळं तोंडपाठ. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून तर दुसरी चर्चाच नाही. त्यांच्यापैकी एकाने दादांचा नंबर दिला. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि क्लच दाबणं जमत नव्हतं.

घरी 'ऑफिसच्या कामाला पुण्याला जातो' असं सांगून मित्राला घेऊन निघालो. दादांनी आधीच बजावलं होतं, "मी सकाळपासून गाडी चालू करणार नाही. तू ये आणि थंड इंजिन स्वतः चालू कर." जुनी टर्बो गाडी बघताना हेच महत्त्वाचं असतं. गरम इंजिन पुष्कळ गोष्टी लपवतं. चेनचा खडखडाट आणि निळा धूर यायचा असेल तर तो थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना येतो. मी कान लावून ऐकलं. एक-दोन सेकंद जरा घरघरली, मग शांत झाली.

त्यानंतर त्यांनी फाइल काढली. पहिल्या ऑइल चेंजपासूनची बिलं, तारखेप्रमाणे पंच केलेली. मी उत्साहात पानं उलटत होतो. त्यांनी हात ठेवून मला थांबवलं. "आधी वाईट ऐकून घे." गाडी 2016 मध्ये समोरून ठोकली होती, बंपर, रेडिएटर आणि उजवा हेडलाइट बदललेला. चार वर्षं रिमॅपवर चालली, आता परत कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आणलेली. आरसीवर नसलेले बदल केले की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले नेमकं तेच शोधतात, म्हणून. एसीचा कॉम्प्रेसर आवाज करतो. आणि टायर. त्यांनी मला खाली वाकून टायरवरचा आकडा वाचायला लावला : 2319. म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. "नक्षी छान दिसते, पण रबर म्हातारं झालंय. यावर जोरात जाऊ नकोस. चारही बदल, त्याचे 30 हजार मी कमी करतो."

यातली एकही गोष्ट मला स्वतःहून सापडली नसती. टायर सापडले असते कदाचित. ते सांगत गेले तशी गाडी माझ्या नजरेतून उतरायला हवी होती. झालं उलटंच. मला हवी असलेली गाडी कुठेतरी ठोकलेली, बिघडलेली असणारच होती. प्रश्न एवढाच होता की ते मला पार्किंगमध्ये कळणार की इमामपूरच्या घाटात.

परिवहनच्या साइटवर चलनं पाहिली. दोन होती, दोन्ही नो पार्किंगची. वेगवान गाडीच्या मालकाचं याहून चांगलं चारित्र्य प्रमाणपत्र मी पाहिलेलं नाही.

चार लाख साठ हजारांवर ठरलं. दुसरा एक जण पन्नास हजार जास्त देत होता, हे मला नंतर कळलं. त्याला फक्त इंजिन काढून दुसऱ्या गाडीत बसवायचं होतं. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. दादांनी इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करून घ्यायची आठवण दोनदा केली. चावी देताना काही नाटक झालं नाही. ते गेटपर्यंत आलेच नाहीत, जिन्यात बसून राहिले. मी ते गुडघ्यामुळे असेल असं धरून चाललो.

डिसेंबर होता, निघायला संध्याकाळ झाली. नगर सोडलं, पांढरी पूल गेला आणि नेवासा फाट्यापुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, ट्रॅक्टरवर गाणी फुल. 160 घोडे आणि स्पीड तीस. त्या उसातला काही भाग इथेनॉल होऊन माझ्याच टाकीत येणार, हा विचार करून हसत बसलो. कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडला, पुढचा रस्ता मोकळा मिळाला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, टर्बोने श्वास घेतला आणि पाठ सीटला चिकटली. चार सेकंद असतील. मग 2319 आठवलं आणि पाय काढला.

घरी पोहोचलो तेव्हा पप्पा जागे होते. खिडकीतून गाडी बघितली, माझ्याकडे बघितलं, "कितीला?" विचारलं. सांगितलं. ते झोपायला गेले. दोन दिवस घरात फक्त आई बोलत होती, आणि ती फ्लॅटबद्दल बोलत होती.

तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून आलो तर पप्पा गाडीखाली वाकून मोबाइलच्या उजेडात काहीतरी बघत होते. "ब्रेक पॅड आहेत अजून," ते म्हणाले. मग फाइल मागितली. चष्मा लावून तासभर एकेक बिल वाचलं. शेवटी आरसी हातात घेऊन उत्पादनाचा महिना बघितला. नोव्हेंबर 2011. "तेव्हा मी फर्स्ट शिफ्टलाच होतो," म्हणाले. "माझ्याच गाडीतून गेलेल्या एखाद्या पोराने नटं आवळली असतील हिची."

नवे टायर बसल्यावर रविवारी त्यांना चावी दिली. त्यांनी सीट बसच्या सवयीने पुढे ओढली, तिन्ही आरसे दोनदा लावले आणि जालना रोडने शेंद्र्यापर्यंत साठच्या वर नेली नाही. "सहावा गिअर कायला दिलाय यात?" मी म्हटलं, दाबा की थोडी. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एमआयडीसीच्या वळणावर, जिथे त्यांची बस रिकामी व्हायची, तिथे गाडी बाजूला घेऊन थांबवली. इंजिन बंद केलं नाही. मिनिटभर चालू ठेवलं, मग वळवून परत.

आता रविवारी सकाळी मी उठायच्या आत ते बॉनेट उघडून ऑइल बघतात आणि लेव्हल दादांच्या फाइलच्या शेवटच्या पानावर तारखेसकट लिहितात. मागच्या आठवड्यात डिपस्टिक पुसायचं फडकं बदललेलं दिसलं. नीट पाहिलं तर तो माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगचा टी-शर्ट होता.